अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले जर्मन सैनिक: पैसे नेमके कोणाला मिळाले?

नदीकाठ

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या जॉर्जवर आरोपांची लांबलचक यादी आहे. त्यातला एक आरोप असा, की राजा परक्या भाडोत्री फौजा समुद्रापलीकडून आणतो आहे. हे लिहिलं गेलं जुलै १७७६ मध्ये. ज्यांच्याबद्दल लिहिलं, ते बहुतेक सैनिक त्या वेळी जहाजांतच होते. ऑगस्टमध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर उतरले. म्हणजे अमेरिकेची जमीन पायाला लागण्याआधीच ते खलनायक ठरले होते, आणि पुढे दोनशे वर्षं तसेच राहिले. ‘हेसियन’ ही तिकडे शिवीच झाली. गव्हावर पडणाऱ्या एका किडीलासुद्धा ‘हेसियन माशी’ म्हणतात, कारण ती या सैनिकांच्या पेंढ्यातून आली असा शेतकऱ्यांचा समज होता.

गेले काही महिने मी यावर मिळेल ते वाचतोय. माझं मत आधीच सांगतो: या माणसांवर अन्याय झालाय, आणि तो दोनदा झालाय. एकदा त्यांच्या राजांनी केला, नंतर इतिहासाने.

आधी पार्श्वभूमी. इंग्लंडकडे स्वतःची फौज तुटपुंजी होती आणि ती जगभर विखुरलेली. जॉर्जने प्रथम रशियाच्या कॅथरीनकडे वीस हजार माणसं मागितली, तिने नकार दिला. डचांनीही पदरी असलेली स्कॉटिश ब्रिगेड द्यायला टाळाटाळ केली. राहिली जर्मन संस्थानं. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, शेकडो लहानमोठी राज्यं होती, आणि त्यातल्या काहींचा सैन्य भाड्याने देणं हा जुना, चालता धंदा होता.

जानेवारी १७७६ पासून करार होत गेले. इंग्लंडच्या वतीने बोलणी करणारा अधिकारी विल्यम फॉसिट. सहा संस्थानांनी माणसं दिली: हेसे-कासेल, ब्रन्सविक, हेसे-हानाऊ, आन्सबाख-बायरॉइट, वाल्डेक आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट. सगळ्यात मोठा वाटा हेसे-कासेलचा, म्हणून सरसकट सगळ्यांनाच हेसियन म्हणायची पद्धत पडली.

आता नाती बघा. हेसे-कासेलचा फ्रेडरिक दुसरा (हा प्रशियाचा प्रसिद्ध फ्रेडरिक नव्हे) जॉर्जच्या दिवंगत आत्याचा नवरा. हेसे-हानाऊचा विल्हेल्म त्याचाच मुलगा, म्हणजे जॉर्जचा आतेभाऊ. ब्रन्सविकचा युवराज तर जॉर्जच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्सेर्ब्स्टचा राजा कॅथरीनचा भाऊ. बहिणीने नाही म्हटलं, भावाने माणसं दिली. घरातल्या घरात ठरलेला हा व्यवहार होता.

आणि ब्रन्सविकच्या करारातलं हे कलम. भरती केलेल्या माणसामागे तीस क्राउन ड्यूकला. माणूस मेला तर त्याच दराने पुन्हा पैसे. आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला, असा हिशोब. एकाचा हात गेला, दुसऱ्याचा पाय, तिसऱ्याचे डोळे, की तिघं मिळून एक मढं, आणि त्याचे पैसे राजाला. त्यांच्या बायकांना नाही, आईबापांना नाही.

एकूण गेले २९,८६७. परतले १७,३१३. उरलेल्या साडेबारा हजारांपैकी लढाईत मेले ते थोडेच. बरेच रोगराईने गेले, काही हजार पळाले किंवा तिकडेच राहिले.

जाणकारांनी भर घालावी.

सातपुडा

उत्तम विषय. शाळेत ‘भाडोत्री सैनिक’ एवढे दोनच शब्द वाचले होते. एक प्रश्न: सैनिकांना स्वतःला काहीच पगार नव्हता का?

तोफखाना

नदीकाठ, लेख आवडला पण गळा जरा जास्तच भरून आलाय तुमचा. सातपुडा यांच्या प्रश्नाचं उत्तर: पगार होता. इंग्रज सैनिकाच्या दराने होता, आणि हेसेमधल्या शेतमजुराला तो पुष्कळच वाटला असणार. अनेकांनी घरी पैसे पाठवले.

शिवाय अमेरिकन लोकांना त्यांची भीती उगाच वाटत नव्हती. ऑगस्ट १७७६ च्या लाँग आयलंडच्या लढाईत शरण येणाऱ्यांनाही संगिनीने भोसकल्याच्या हकिकती आहेत. त्या हिवाळ्यात न्यू जर्सीत लुटालूट झाली, घरातली भांडीकुंडी, कपडे, गुरं काही सोडलं नाही. त्यात इंग्रजही होते हे खरं, पण हेसियन मागे नव्हते. राजनिष्ठ कुटुंबांनी इंग्रजांकडून मिळवलेली अभयपत्रं त्या जर्मन शिपायांना वाचता येत नव्हती, त्यामुळे राजाच्या बाजूचे लोकही लुटले गेले आणि पुढे बंडखोरांना जाऊन मिळाले. युद्धाच्या दृष्टीने ही चूक इंग्रजांना फार महागात पडली.

गरिबाने बंदूक उचलली म्हणून त्याने केलेलं सगळं माफ होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

अनुस्वार

मी गेली काही वर्षं कासेलजवळ राहते, म्हणून लिहावंसं वाटलं.

शहराच्या मधोमध फ्रीडरिशियानुम नावाची देखणी इमारत आहे. १७७९ मध्ये उघडलेलं, सामान्य माणसाला प्रवेश असलेलं युरोपातल्या पहिल्या संग्रहालयांपैकी एक. आता तिथे दर पाच वर्षांनी आधुनिक कलेचं मोठं प्रदर्शन भरतं, जगभरातून लोक येतात. समोरच्या चौकात पुतळा आहे तो याच फ्रेडरिक दुसऱ्याचा. १७७९ या सालाकडे लक्ष द्या. युद्ध ऐन भरात होतं.

पण हा राजा म्हणजे निव्वळ लोभी राक्षस, असं स्थानिक अभ्यासक म्हणत नाहीत, आणि मलाही ते पटतं. इंग्लंडच्या पैशातून त्याने कर कमी केले, शाळा, दवाखाने काढले. सैन्यात मुलगा दिलेल्या घरांना सवलती होत्या. ब्रन्सविकसारखं तीन जखमींचं कलमही हेसे-कासेलच्या करारात नव्हतं. सैन्य हीच इथली निर्यात होती. जमीन हलकी, उद्योग बेताचे.

मात्र भरती कोणाची व्हायची ते बघण्यासारखं आहे. राज्याचे विभाग पाडलेले, एकेक विभाग एकेका पलटणीला जोडलेला. ज्यांची शेतीवाडी आहे, ज्यांचा कारागिरीचा जम बसलाय, त्यांना वगळायचं. ज्यांच्या जाण्याने महसुलाला धक्का लागत नाही, त्यांना घ्यायचं. त्यात १७७३ मध्ये कायदा आला की शेताचे तुकडे पाडायचे नाहीत, सगळं एकाच वारसाकडे. धाकट्या मुलांच्या हाती काही उरलं नाही. तीन वर्षांनी अमेरिकेचा करार झाला आणि ही मुलं तयारच होती.

तेव्हा ‘पैशासाठी गेले’ हेही खरं, आणि ‘जावं लागलं’ हेही. तोफखाना आणि नदीकाठ, तुम्ही दोघं एकाच माणसाबद्दल बोलताय.

नदीकाठ

अनुस्वार, मनापासून आभार. १७७३ च्या कायद्याचा हा धागा माझ्या वाचनात आला नव्हता.

तोफखाना, लुटालूट नाकारत नाहीच. पण त्या सैनिकांना आधीच सांगून ठेवलं होतं की हे बंडखोर परक्याला जिवंत सोडत नाहीत, अशा नोंदी आहेत. आणि एक गोष्ट तुम्ही सोडलीत. १७७६ ची पहिली तुकडी बव्हंशी त्याच संस्थानांतली होती. नंतर माणसं कमी पडायला लागली तेव्हा काय झालं?

योहान गॉटफ्रीड झॉइमे. लाइपझिगला धर्मशास्त्र शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा. १७८१ मध्ये शिक्षण सोडून पायी पॅरिसकडे निघाला. वाटेत फाखा नावाच्या गावी हेसेच्या भरतीवाल्यांनी पकडला. त्याच्याकडचा विद्यापीठाचा दाखला फाडून टाकला, कारण हा कोण हे सांगणारा तेवढा एकच कागद त्याच्यापाशी होता. तिथून त्सीगेनहाइनच्या किल्ल्यात. तिथे नाना तऱ्हेची माणसं गोळा करून ठेवलेली: पळालेले विद्यार्थी, दिवाळं निघालेले व्यापारी, नोकरी गेलेले कारकून.

मग जहाज. त्याने लिहून ठेवलंय ते वाचताना अंग आकसतं. सहा माणसांना मिळून एक खोका, त्यात चौघं झोपले की तो भरायचा. उरलेल्या दोघांना रेटून बसवायचं. कुशीवर झोपल्याशिवाय मावत नसत, त्यामुळे एकट्याने कूस बदलणं शक्य नाही. कडेचा माणूस ओरडायचा ‘वळा’, की सगळे एकदम वळायचे. थोड्या वेळाने दुसऱ्या कडेचा ओरडायचा. असे बावीस आठवडे हॅलिफॅक्सपर्यंत. पोचले तोवर लढाई जवळपास संपली होती.

आणि आन्सबाखचे सैनिक. मार्च १७७७ मध्ये ओक्सेनफुर्टला माइन नदीवर त्यांना रात्रभर होड्यांत कोंबून ठेवलं, थंडीत. सकाळी त्यांनी बंड केलं, किनाऱ्यावर उतरले, पळू लागले. त्यांच्यावर त्यांच्याच यागर (निशाणबाज) शिपायांनी गोळ्या झाडल्या. बातमी कळताच खुद्द राजा कार्ल आलेक्झांडर घोड्यावरून धावत आला आणि त्यांना हॉलंडपर्यंत स्वतः पोचवून आला. माल ठरलेल्या ठिकाणी पोचलाच पाहिजे ना. याच राजाने १७९१ मध्ये आपलं राज्यच प्रशियाला देऊन टाकलं, वर्षासन घेतलं आणि इंग्लंडला जाऊन राहिला.

तोफखाना

ओक्सेनफुर्टचं माहीत नव्हतं. यावर वाचतो.

भटकी_सई

न्यू जर्सीहून लिहितेय. ट्रेंटन माझ्यापासून गाडीने जवळ आहे, त्यामुळे त्या लढाईबद्दल.

२५ डिसेंबर १७७६ च्या रात्री वॉशिंग्टन सुमारे २,४०० माणसं घेऊन डेलावेअर नदी ओलांडून आला. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते, वरून गारा. दरवर्षी नाताळच्या दिवशी तिथे त्या प्रसंगाची उजळणी होते, जुन्या वेषातले लोक होड्या वल्हवत येतात. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली, आणि ते तर भर दुपारी, ऊन असताना. त्या लोकांनी हे रात्री केलं आणि नंतर नऊएक मैल चालत गेले. काहींच्या पायात धड जोडेही नव्हते.

ट्रेंटनमध्ये कर्नल योहान रालच्या हाताखाली तीन पलटणी होत्या, दीड हजारांच्या आसपास माणसं. सकाळी आठच्या सुमारास हल्ला झाला. तासाभरात खेळ आटोपला. बावीस हेसियन मेले, नऊशेच्या आसपास पकडले गेले. राल दोन गोळ्या लागून त्याच रात्री गेला.

आता ती गोष्ट: नाताळची दारू पिऊन सगळे तर्र पडले होते, म्हणून हरले. इथे शाळेतल्या मुलांनाही हेच माहीत असतं. पण जॉन ग्रीनवुड हा अमेरिकन सैनिक त्या लढाईत होता, आणि त्याने लिहिलंय की शत्रूचा एकही शिपाई मला झिंगलेला दिसला नाही, मी शपथेवर सांगतो. खरी गोष्ट वेगळीच. आठवडाभर आसपासच्या शेतकऱ्यांच्या टोळ्या चौक्यांवर रोज हल्ले करत होत्या. माणसं कपड्यांनिशी, बंदूक उशाशी घेऊन झोपत होती. दमून गेली होती. रालने मोर्चेबंदी केली नाही ही त्याची चूक मोठीच, अधिकाऱ्यांनी सुचवूनही त्याने ऐकलं नाही. पण चूक एका कर्नलची आणि दारुडेपणाचा शिक्का सगळ्यांवर, हे मला फार खटकतं.

सातपुडा

पकडलेल्या नऊशे जणांचं काय झालं?

भटकी_सई

हाच भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्यांना फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून मिरवत नेलं. रालच्या पलटणीतल्या योहानेस रॉयबर नावाच्या तरुण शिपायाने रोजनिशी ठेवली होती. त्यात आहे की म्हाताऱ्या बायका सगळ्यात जास्त चवताळल्या होत्या, आमचे गळे दाबायला धावत होत्या. मग वॉशिंग्टनने जाहीर करवलं की हे लोक निर्दोष आहेत, स्वतःहून आलेले नाहीत, त्यांना शत्रूसारखं वागवू नका. आणि त्यानंतर लोकांचं वागणं बदललं, असं तोच लिहितो. लोक खायला घेऊन येऊ लागले.

यात वॉशिंग्टनचा चांगुलपणा होता, आणि धोरणही होतं. अमेरिकन बंडखोरांच्या काँग्रेसने ऑगस्ट १७७६ मध्येच ठराव केला होता की बाजू सोडून येणाऱ्याला पन्नास एकर जमीन. त्याची पत्रकं जर्मनमध्ये छापून छावण्यांमध्ये पोचवली. फिलाडेल्फियातला क्रिस्टोफर लुडविक हा जर्मन बेकरीवाला तर पळून आल्याचं सोंग घेऊन थेट हेसियन छावणीत शिरला आणि पेन्सिल्व्हेनियात जर्मन शेतकरी कसे सुखात आहेत ते सांगून सुखरूप परत आला. पुढे हाच वॉशिंग्टनच्या सैन्याचा मुख्य भटारी झाला.

धाकटा मुलगा, ज्याला गावी एक बिघा जमीन मिळणार नाही, त्याला पन्नास एकर. विचार करा.

कैद्यांना लँकेस्टरकडे पाठवलं. तिकडे आजूबाजूला सगळे जर्मन बोलणारे शेतकरी. कैदी त्यांच्या शेतांवर कामाला जाऊ लागले, काही लोखंडाच्या भट्ट्यांवर.

मोगरा_आणि_मी

खूप वाचनीय चर्चा. बायकांबद्दल कोणी लिहील का? सैनिकांबरोबर कुटुंबं जायची का?

नदीकाठ

हो, काहींच्या बायका बरोबर होत्या. सामान्य शिपायांच्या बायकांबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय. सेनापतीच्या बायकोबद्दल मात्र पुष्कळ, कारण तिने स्वतः लिहून ठेवलं.

फ्रेडरिका रीडेझेल, ब्रन्सविकच्या तुकडीचा प्रमुख बॅरन रीडेझेल याची पत्नी. नवरा १७७६ च्या फेब्रुवारीत निघाला तेव्हा तिसरं बाळंतपण तोंडावर. मुलगी झाली, ती थोड्या आठवड्यांची असतानाच तिन्ही मुली घेऊन ही निघाली. पुढे न्यूयॉर्क प्रांतातल्या साराटोगाला इंग्रज आणि ब्रन्सविकचं सैन्य अडकलं, तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा एका घराच्या तळघरात जखमी सैनिक, बायकापोरं यांच्यासोबत सहा दिवस काढले. पाणी नव्हतं. नदीवर जाणाऱ्या पुरुषावर गोळी यायची. शेवटी एका शिपायाची बायको पाणी आणायला पुढे झाली, तिच्यावर मात्र समोरून कोणी गोळी झाडली नाही. पाण्याची बादली घेऊन जाणाऱ्या त्या बाईचं नाव बॅरोनेसच्या हकिकतीत नाही.

१७ ऑक्टोबर १७७७ ला सैन्य शरण आलं. ब्रन्सविकची निशाणं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ती जाळली असं सांगितलं, जाळल्या नुसत्या काठ्या. कापड फ्रेडरिकाने गादीत शिवून टाकलं. पुढे युद्धकैदी म्हणून बॉस्टन, मग शेकडो मैल चालत व्हर्जिनिया. तिथे थॉमस जेफरसन त्यांचा शेजारी, दोन्ही घरांचं येणंजाणं होतं. न्यूयॉर्कला झालेल्या मुलीचं नाव त्यांनी ‘अमेरिका’ ठेवलं.

सेनापती आपल्या बायकामुलांसह परत ब्रन्सविकला पोचला. सैनिकांचं काय? साराटोगानंतर ब्रन्सविकच्या मंत्र्याने इंग्रजांना लिहिलं की शरण आलेल्यांना इकडे परत पाठवू नका. ते चिडलेले असतील, अतिशयोक्त हकिकती सांगतील, आणि मग पुढची भरती होणार नाही. स्वतःच्याच राज्यातली माणसं घरी नकोत, कारण ती खरं बोलतील. ब्रन्सविकहून ५,७२३ गेले, परतले २,७०८. माझ्या ‘दोनदा अन्याय’ या म्हणण्याला मी चिकटून आहे ते या पत्रामुळे.

तोफखाना

त्या पत्रावर माझ्याकडे उत्तर नाही. ड्यूकची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नाही.

थोडं आपल्याकडे येतो, कारण संबंध खरोखरच आहे. जॉर्ज हा हॅनोव्हरचाही राजा होता. हॅनोव्हरच्या पलटणी त्याने अमेरिकेला पाठवल्या नाहीत, जिब्राल्टर आणि मिनोर्काला पाठवल्या, म्हणजे तिथले इंग्रज मोकळे झाले. पण १५ वी आणि १६ वी हॅनोव्हर पलटण ईस्ट इंडिया कंपनीने भाड्याने घेऊन मद्रासला आणली. जून १७८३ मध्ये कडलूरला त्या फ्रेंचांविरुद्ध लढल्या आणि १७९० नंतरच परत गेल्या. एकाच राजाच्या एकाच युद्धात एक जर्मन मुलगा व्हर्जिनियात मेला आणि दुसरा कोरोमंडल किनाऱ्यावर.

आणि आसईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यात, दौलतराव शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख अँथनी पोलमन होता. तोही हॅनोव्हरचाच. पण फरक बघा. पोलमनने स्वतः मालक निवडला, स्वतःचा पगार ठरवला. आपल्याकडचे गारदीसुद्धा पगारासाठी स्वतः दारात उभे राहायचे, १७७३ मध्ये शनिवारवाड्यात काय झालं ते आपण जाणतोच. हेसेच्या शिपायाला अडून बसायला दारच नव्हतं. या मुद्द्यावर नदीकाठ, तुमचं म्हणणं मला मान्य.

अनुस्वार

यॉर्कटाउनचं राहिलं. ऑक्टोबर १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसबरोबर (हाच पुढे आपला गव्हर्नर जनरल) वेढ्यात आन्सबाख आणि हेसेचे सैनिक होते. बाहेरून वेढा घालणाऱ्या फ्रेंच सैन्यात त्स्वायब्र्युकनची जर्मन पलटण. अमेरिकन बाजूने फॉन श्टॉयबेन हा प्रशियाचा माणूस. तिन्ही बाजूंना जर्मनमध्ये हुकूम सुटत होते.

भटकी_सई

शेवटी किती राहिले याबद्दल थोडं. १७८२ मध्ये काँग्रेसने कैद्यांपुढे पर्याय ठेवले: ऐंशी स्पॅनिश डॉलर भरा आणि मोकळे व्हा, किंवा ते पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याकडे तीन वर्षं राबा, किंवा आमच्या सैन्यात या. शिपायाजवळ ऐंशी डॉलर कुठले? मग शेतकऱ्याने भरायचे, याने तीन वर्षं नांगर धरायचा. अनेकांनी तिथेच लग्नं केली. मेरीलँडमधल्या फ्रेडरिक गावात त्यांना ठेवलेली दगडी बराक अजून उभी आहे.

आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचे पूर्वज असेच एक. त्यांना गावाचं नाव हवं आहे. अनुस्वार, कुठे शोधायचं?

अनुस्वार

मारबुर्गच्या सरकारी दफ्तरखान्यात हेसे-कासेलच्या पलटणींच्या हजेरीपटांवरून तयार केलेल्या याद्या आहेत, आणि त्या आता इंटरनेटवरही शोधता येतात. नाव, जन्मगाव, पलटण, आणि पुढे काय झालं: मेला, पकडला, पळाला. आडनाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, आणि अमेरिकेत गेल्यावर ते पुन्हा बदललंय. पलटणीचं नाव माहीत असेल तर आधी तिथून सुरुवात करायला सांगा, कारण पलटण कळली की विभाग कळतो आणि शोध थोड्या गावांपुरता उरतो. पूर्वज ब्रन्सविकचे असतील तर मात्र मारबुर्गला काही मिळणार नाही, त्यांचे कागद वोल्फेनब्युटेलला आहेत. मला तपशील व्यनि करा, मी इथून फोन करून बघते.